पवनचक्कीच्या ब्रेक पॅडला कोणतं मटेरियल? सिंटर्ड की ऑरगॅनिक?

अंबडचा_लायनरवाला

नमस्कार मंडळी.

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पॉवर प्रेस, होइस्ट, क्रेन आणि थोडंफार ट्रॅक्टर, यांचे लायनर आणि पॅड बनवतो. वडिलांच्या काळात ॲस्बेस्टॉसची तयार शीट आणून कापायचे आणि रिव्हेट मारून द्यायचे. आता मिक्सिंग आमचं स्वतःचं आहे: फिनॉलिक रेझिन, ॲरामिड, बॅराइट, ग्रॅफाइट, थोडं ॲल्युमिना. दोन हॉट प्रेस आणि एक ओव्हन आहे. सिंटरिंगची भट्टी नाही.

मागच्या आठवड्यात साक्रीकडच्या एका मेंटेनन्स कंत्राटदाराचा फोन आला. छडवेल-ब्राह्मणवेल पट्ट्यातल्या जुन्या पवनचक्क्या सांभाळतो. पॅड बाहेरून मागवायला वेळ लागतो, भाव अव्वाच्या सव्वा, म्हणून "नमुना पाठवतो, तसेच बनवून द्या" म्हणाला. नमुना अजून हातात आलेला नाही.

तोवर दोन प्रश्न. एक, असल्या कामाला सिंटर्डच (धातूची भुकटी भाजून केलेलं) लागतं की ऑरगॅनिक (आमच्यासारखं, रेझिनमध्ये बांधलेलं) चालतं? दोन, आमच्या क्रेनच्या एका ग्रेडचा घर्षणगुणांक (पकड किती, ते सांगणारा आकडा) ०.५ च्या आसपास येतो. ब्रेक म्हटल्यावर जितका जास्त तितका बरा, असं धरून तोच ग्रेड द्यायचा विचार आहे. कोणी या धंद्यात असेल तर सांगा.

गोदाकाठी

पवनचक्कीला ब्रेक कशाला लागतो राव? आमच्या सिडकोत लाइट गेली की पंखा आपोआप थांबतो.

नॅसेलमधला_नाना

गोदाकाठी, तुमच्या पंख्याला खालून वारा कोणी मारत नाही म्हणून थांबतो. :)

लायनरवाले भाऊ, मी साइटवरचा माणूस. आधी साताऱ्याकडे वनकुसवडे पठारावर होतो, आता धुळे जिल्ह्यात. तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न: पॅड कोणत्या ब्रेकचा? एका मशीनवर दोन वेगळे ब्रेक असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पहिला रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचा ब्रेक. बहुतेक मशीनवर हा गिअरबॉक्सच्या मागे, जनरेटरकडच्या वेगवान शाफ्टवर असतो. पाती मिनिटाला पंधरा-वीस फेरे मारतात, हा शाफ्ट पंधराशेच्या घरात. पण नव्या मशीनवर पाती थांबवणं हे या ब्रेकचं काम नाहीच. पाती स्वतःच्या अक्षाभोवती वळतात, वाऱ्याला धार देतात आणि वेग उतरतो. ब्रेक शेवटी लागतो, धरून ठेवायला. पिच, म्हणजे पाती वळवणारी यंत्रणा, फसली किंवा कोणी लाल बटण दाबलं तरच त्याची खरी परीक्षा. जुन्या स्टॉलवाल्या मशीनची गोष्ट वेगळी. त्यांची पाती वळत नाहीत, फक्त टोकाचा तुकडा आडवा होतो. तिथे यांत्रिक ब्रेकवर भार जास्त येतो.

दुसरा यॉ ब्रेक. वारा फिरला की अख्खं नॅसेल, म्हणजे गिअरबॉक्स-जनरेटर असलेला वरचा डबा, टॉवरवर फिरतं. टॉवरच्या माथ्यावर मोठी रिंग डिस्क असते आणि तिला हायड्रॉलिक कॅलिपर चावून बसलेले असतात. स्थिर असताना आमच्या मशीनवर दीडशे बारच्या आसपास प्रेशर असतं. फिरताना ते बरंच उतरवतात, पण पूर्ण सोडत नाहीत. म्हणजे हा पॅड घासत घासतच फिरतो, रोज, दिवसातून कितीतरी वेळा.

कंत्राटदार "ब्रेक पॅड" म्हणतो तेव्हा दहापैकी आठ वेळा त्याला यॉचा पॅड हवा असतो, कारण झिजतो तोच.

ओझरकर_काका

नानांनी छान फोड केली. मी मेटलर्जीतला, ओझरला नोकरी करून निवृत्त झालो. पॅडच्या घडणीबद्दल माझ्याकडून थोडं.

सिंटर्ड पॅड म्हणजे धातूची भुकटी. तांबं, कथील, लोखंड, त्यात वंगण म्हणून ग्रॅफाइट आणि घासण्यासाठी सिलिकासारखी कडक पूड. हे दाबून वडी करतात आणि हायड्रोजन किंवा नायट्रोजन-हायड्रोजनच्या वातावरणात, वरून दाब ठेवून भाजतात. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, भट्टी त्याच्या बरीच खाली ठेवतात. तांब्या-लोखंडाचे कण वितळत नाहीत, एकमेकांना धरतात. बॅक प्लेटला, म्हणजे पॅडच्या पाठीच्या पोलादी पट्टीला, आधी तांब्याचा मुलामा दिलेला असतो, म्हणून वडी आणि प्लेट भट्टीतच जोडली जातात. विमानाच्या चाकांना हे तंत्र फार जुनं.

गुण: उष्णता सोसतो, ऊन-पाऊस-दमट हवेने फारसा बदलत नाही. अवगुण: डिस्क खातो, आवाज करतो आणि उष्णता अडवत नाही. डिस्कची उष्णता पॅडमधून थेट पिस्टनकडे जाते आणि सील भाजतात. शिवाय त्याची धूळ धातूची, म्हणजे वीज वाहणारी. नॅसेलमध्ये जनरेटर आणि पॅनेल शेजारी असताना ती कुठे जाऊन बसते याकडे लक्ष हवं.

ऑरगॅनिक तुम्ही रोज करता, त्यावर मी काय सांगणार. रेझिनची मर्यादा तेवढी लक्षात असू द्या. तीनशे अंशांच्या पुढे फिनॉलिक सुटायला लागतं, वायू निघतो, पॅड आणि डिस्कमध्ये त्याचा थर येतो आणि पकड जाते.

कसाऱ्याचा_वळसा

काका, तो वास आम्हाला तोंडपाठ आहे. कसारा घाटातून भरलेली गाडी उतरवताना पुढच्या ट्रकच्या चाकातून येतो तोच. आमच्या गॅरेजला अशा गाड्या येतात. ड्रम निळा पडलेला, लायनरवर काचेसारखी चकाकी, आणि ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, पॅडल दाबलं तरी गाडी ऐकेना." गिअर न टाकता नुसत्या ब्रेकवर उतरवल्याचा प्रताप. वर गरम ड्रमवर पाणी मारायची हौस. मग तडे.

गोदाकाठी

घाटात ब्रेक न लागणाऱ्या ट्रकच्या मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहिलेलं असतं. ही खरी सेफ्टी सिस्टिम.

कडक_हिशोब

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कोणी हातात घेतलेला दिसत नाही. "जितका जास्त तितका बरा" हे रोटरच्या ब्रेकला लागू नाही. आकड्यांनीच बघू.

दोन मेगावॉटचं मशीन, पाती मिनिटाला १७ फेरे. पातीकडच्या शाफ्टवर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो साधारण ११०० किलोन्यूटन-मीटर. तोच जनरेटरकडे १५०० फेऱ्यांवर साडेबारा-तेरा. म्हणून ब्रेक तिकडे बसवतात, कॅलिपर लहान लागतो.

आता कॅलिपरचा दाब ५० किलोन्यूटन धरा, सरासरी त्रिज्या ०.३५ मीटर, पॅड दोन्ही बाजूंनी.
गुणांक ०.४० असेल तर ब्रेकचा टॉर्क १४.
०.२५ ला घसरला तर ८.७५. मशीन धरणार नाही.
०.५५ ला चढला तर १९.२५.

आणि हे १९.२५ जनरेटर खात नाही, गिअरबॉक्स खातो. पातींकडून येणारी जडत्वाची ताकद एका बाजूला, पकडलेला शाफ्ट दुसऱ्या बाजूला, मधे गिअरचे दात. डिझायनरने ब्रेकचा टॉर्क वरून आणि खालून, दोन्हीकडून बांधलेला असतो. तुम्ही त्याच जागी जास्त पकडणारा पॅड दिलात तर त्याचं गणित तुम्ही परस्पर बदललंत. पॅड चारशे रुपयांनी स्वस्त आणि गिअरबॉक्स क्रेनने खाली, असा व्यवहार व्हायचा.

उष्णतेचंही सांगतो. या आकाराच्या रोटरची जडता साठ लाख किलोग्रॅम-चौरस मीटर धरली तर १७ फेऱ्यांवर साठलेली ऊर्जा साडेनऊ मेगाज्यूल. ती सगळी शंभर किलोच्या पोलादी डिस्कमध्ये उतरवली तर डिस्क सरासरी १९०-१९५ अंशांनी तापेल. हे सरासरी झालं, पॅड घासतो तो पृष्ठभाग त्याच्या कितीतरी वर. शिवाय पाती वळलेली नसतील तर वारा अजून ऊर्जा ओततच असतो, ती यात धरलेलीच नाही.

खरेदी_खातं

हिशोब मान्य, पण मंडळी, जरा जमिनीवर या. परदेशी पॅडचा भाव आणि त्याला लागणारे महिने मी बघितलेत. मशीन उभं राहिलं की रोज युनिट बुडतात, आणि तेही नेमके पावसाळ्यात, जेव्हा आपल्याकडे वारा असतो. बनवणाऱ्या कंपनीने मॉडेलच बंद केलं असेल तर मूळ पॅड मिळतो कुठे? नाशिकमध्ये इतके चांगले कारखाने आहेत, सातपूर-अंबडचा माल जगात जातो. एक पॅड आपण करू शकत नाही, हा न्यूनगंड आता सोडा.

नॅसेलमधला_नाना

न्यूनगंडाचा प्रश्नच नाही, साहेब. वर चढून पॅड बसवणारा मी असतो. ऐंशी मीटर शिडीने चढल्यावर बॅक प्लेटचं भोक अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे निघालं तर खाली उतरणारा पण मीच.

एका साइटवर असाच "लोकल" पॅड आला होता. नाव घेत नाही. दिसायला हुबेहूब. पहिल्या पावसाळ्यात मटेरियल प्लेटवरून पापुद्र्यासारखं सुटलं. उतरवून बघतो तर प्लेट गुळगुळीत. शॉट ब्लास्टिंगच केलेलं नव्हतं, तसाच ॲडेसिव्ह लावून प्रेसमध्ये घातलेला. त्या दिवसापासून खरेदीवाल्यांचा "चालेल" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

खरेदी_खातं

तो बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा. त्याने सगळे लोकल वाईट ठरत नाहीत. शॉट ब्लास्ट करायला जर्मनीला जावं लागत नाही.

नॅसेलमधला_नाना

तेच म्हणतोय. मग ऑर्डरमध्ये लिहा ना. तुमच्या ऑर्डरवर असतं "ब्रेक पॅड, नमुन्याप्रमाणे, नग ४०". बाँडची शिअर टेस्ट (मटेरियल प्लेटवरून सुटायला किती जोर लागतो ते), गुणांकाची वरची-खालची मर्यादा, बॅच रिपोर्ट, यातला एक शब्द नसतो. मग ज्याचा भाव कमी त्याचा पॅड वर येतो.

खरेदी_खातं

हे मात्र खरं आहे.

बोराडे_माळरान

मी साक्री तालुक्यातला. शेताच्या बांधाला लागून टर्बाइन आहे. तुमचं ते सिंटर्ड-बिंटर्ड मला कळत नाही, पण रात्री वारा फिरला की वरून असा आवाज येतो, जणू रेडा अडकलाय आणि हंबरतोय. म्हातारी आई सुरुवातीला उठून गोठ्यात जायची. वॉचमनला विचारलं, "काय चाली ऱ्हायनं भो वर?" तर म्हणतो, मशीन तोंड फिरवतंय. हा आवाज पॅडचाच का? पाती फिरण्याच्या आवाजाची सवय झाली, याची होत नाही.

मृदुला_ट्रायबो

माळरान दादा, बहुतेक पॅडचाच. आणि लायनरवाले, हा प्रतिसाद तुमच्या कामाचा आहे, म्हणून लांब लिहिते. माझं काम घर्षण आणि झीज मोजण्याचं आहे.

यॉ डिस्कची त्रिज्या एक मीटरच्या आसपास धरा. नॅसेल सेकंदाला जेमतेम अर्धा अंश फिरतं. म्हणजे पॅडखालून डिस्क सेकंदाला नऊ मिलिमीटर सरकते. मुंगी यापेक्षा जोरात जाते.

इतक्या हळू सरकताना एक गडबड होते. थांबलेल्या पॅडला हलवायला लागणारं घर्षण जास्त आणि हलल्यावरचं कमी असेल, तर पॅड चिकटतो, मागचा जोर साठतो, मग एकदम सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला अनेकदा. नॅसेलचं वजन कित्येक टनांचं आणि खाली पोकळ पोलादी टॉवर. तो धक्का सगळीकडे वाजतो. दादांच्या आईला ऐकू येतो तो हाच. यॉ मोटर आणि पिनियनलाही हेच धक्के बसतात, म्हणजे प्रश्न फक्त झोपेचा नाही.

म्हणून यॉ पॅडमध्ये नुसता गुणांक बघून भागत नाही. स्थिर आणि सरकता, हे दोन गुणांक एकमेकांच्या जितके जवळ तितकं चांगलं. ग्रॅफाइटसारखी घन वंगणं इथे उपयोगी पडतात. काही मशीनवर तर यॉला पॉलिमरचे सरकपॅडच असतात, ब्रेकचं मटेरियल नसतंच.

आता खरी अडचण. तुमच्याकडचा ०.५ हा आकडा कुठून आला? चेस मशीनवरून असेल, एसएई जे६६१ प्रमाणे, तर त्यात एक इंच चौरस तुकडा ड्रमवर घासतात. ड्रम मिनिटाला ४१७ फेरे, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सहा मीटर. यॉचा वेग नऊ मिलिमीटर. साडेसहाशे पट फरक. गाडीच्या लायनरसाठी ती टेस्ट उत्तम, आपला आयएस २७४२ सुद्धा गाड्यांच्याच लायनरसाठी आहे. यॉ पॅडबद्दल तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

अंबडचा_लायनरवाला

मृदुलाताई, आकडा चेसवरचाच आहे. नाना, कडक_हिशोब, काका, सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतोय. नमुना कुरिअरने निघालाय. यॉचा आहे की रोटरचा हे कंत्राटदाराला विचारलं तर "वरचा आहे" म्हणाला.

गोदाकाठी

"वरचा आहे" :D :D सगळंच वरच्याच्या हातात.

कसाऱ्याचा_वळसा

नमुना लॅबमध्ये देऊन त्यात काय काय आहे ते काढून घ्या आणि तस्सं बनवा. इतका विचार कशाला?

ओझरकर_काका

वळसा, एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) टाकलं तर बेरियम किती, लोखंड किती, तांबं किती हे कळेल. रेझिन कोणतं, किती शिजवलेलं, ॲरामिडचा तंतू किती लांब, ग्रॅफाइटचा कण बारीक की जाड, मिक्सरमध्ये आधी काय टाकलं, हे त्यात दिसत नाही. रेझिन आणि तंतूचा अंदाज तापवून वजन घटवण्याच्या चाचणीवरून थोडाफार येतो. पण पॅडचा स्वभाव ठरतो प्रेसमध्ये. दीडशे-एकशेसाठ अंशांना दाब द्यायचा, मधेमधे साचा उघडून वायू सोडायचा, मग ओव्हनमध्ये तासन्‌तास पक्कं करायचं. वायू सोडायला कंटाळा केला की आत फोड. वरून पॅड सुंदर दिसतो.

अंबडचा_लायनरवाला

काका, वायू सोडण्याबद्दल आमच्या ऑपरेटरला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. रात्रपाळीत तो टप्पा "आपोआप" कमी होतो, असं माझं मत आहे. त्याचं मत वेगळं आहे.

सुगंधा_सातपूर

धाग्यावर ॲस्बेस्टॉसचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी औद्योगिक आरोग्यात काम करते. जुन्या मशीनचे जुने पॅड उतरवताना त्यात काय आहे हे माहीत नसेल तर कॉम्प्रेसरची हवा मारून कॅलिपर साफ करू नका. युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉस पूर्ण बंद केलं. आपल्याकडे क्रायसोटाइल (पांढरं ॲस्बेस्टॉस) अजूनही आयात होतं, त्यामुळे "हल्ली कोण वापरतं" यावर विसंबू नका. ओल्या फडक्याने पुसा किंवा योग्य फिल्टरवाला व्हॅक्यूम वापरा, मास्क साधा कापडी नको. ॲस्बेस्टॉस नसलं तरी बारीक धूळ फुप्फुसात जायलाच नको.

नॅसेलमधला_नाना

ताई, एकदम बरोबर. त्यात नॅसेल म्हणजे बंद डबा. धूळ उडाली की जाणार कुठे?

धागा निघालाच आहे तर आमच्या नव्या पोरांसाठी एक. ब्रेक लागलाय म्हणून हबमध्ये (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागात) शिरायचं नाही. रोटर लॉकची पिन बसली, डोळ्यांनी बघितली, मगच. पॅडवर जीव टांगायचा नसतो.

निफाडचा_नितीन

यूट्यूबवर तो एक व्हिडिओ आहे ना, पवनचक्की वेड्यासारखी फिरते आणि फुटते? तो ब्रेक गेल्याचाच ना?

कडक_हिशोब

डेन्मार्कमधलं हॉर्न्सलेट, २२ फेब्रुवारी २००८. जोराच्या वाऱ्यात रोटर ताब्याबाहेर गेला, पातं फुटलं, टॉवर मधून दुमडला. तिथे पॅडचं मटेरियल कोणतं होतं यावर मी बोलणार नाही. पण एवढं नक्की, की रोटर एकदा त्या वेगाला गेला की कुठलाही पॅड त्याला थांबवू शकत नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट तर वर काढलेले साडेनऊ मेगाज्यूल अडतीस होतात. ती डिस्क लाल होईल आणि शेजारी हायड्रॉलिक तेलाची नळी. नॅसेलला लागणाऱ्या आगींच्या कारणांत तापलेला ब्रेक असतो तो असा.

निफाडचा_नितीन

बाप रे. मी द्राक्षांच्या फवारणीचा पंप दुरुस्त करतो, तेच बरं.

खरेदी_खातं

नितीनभाऊ, पंपाचं सीलही "नमुन्याप्रमाणे"च घेता ना? :)

बाय द वे, या रविवारी मिसळीला भेटायचं का? काकांना ऐकायचंय. जागा कॉलेज रोडला नको, पार्किंगवरून भांडणं होतात. गंगापूर रोडच्या पुढे कुठेतरी.

गोदाकाठी

काळ्या रश्श्याची असेल तर येतो. लाल असेल तर ऑरगॅनिक-सिंटर्ड तुम्हीच ठरवा.

अंबडचा_लायनरवाला

नमुना आला. धागा पुन्हा मूळ वाटेला आणतो.

यॉचाच आहे, नाना. जाड बॅक प्लेट, चौकोनी, एका बाजूला कॅलिपरच्या खाचेत बसायला पायरी. मटेरियल ऑरगॅनिक, कडेला नखाने कुरतडल्यावर पिवळसर तंतू दिसतात, ॲरामिडच असावं. घासणारा चेहरा काळा कुळकुळीत आणि आरशासारखा. त्यावर बोट फिरवलं तर तेलकट लागत नाही, पण हीट गनने जरा तापवलं तर बारीक थेंब वर आले आणि गिअर ऑइलचा तो उग्र वास सुटला. म्हणजे तेल आत मुरलंय.

व्हर्नियर लावला. एका कोपऱ्यात मटेरियल ९.२ मिलिमीटर, तिरक्या समोरच्या कोपऱ्यात ७.६. ग्राइंडिंगला आमच्याकडचा पोरगासुद्धा इतकं तिरकं सोडत नाही, म्हणजे झिजूनच तिरकं झालंय.

कंत्राटदाराची तक्रार काय, तर "पॅड आवाज करतात, म्हणून बदलायचेत".

मृदुला_ट्रायबो

मग पॅड बदलून काय होणार? तेल मुरलेला, चकाकी आलेला पॅड चिकट-सुट करणारच. तुम्ही जगातला सर्वोत्तम पॅड दिलात आणि वरून तेल गळत राहिलं तर काही महिन्यांत तोही असाच होईल, आणि दोष येईल तुमच्या नावावर.

नॅसेलमधला_नाना

मला तर चित्र डोळ्यासमोर दिसतंय. यॉ गिअरबॉक्सचं सील गळतंय किंवा यॉच्या दात्यांना ग्रीस फासताना हात सैल सुटलाय. ग्रीस, तेल आणि पॅडची धूळ मिळून काळा लगदा होतो, तो डिस्कवर पसरतो. डिस्क आडवी असते ना, खाली पडत नाही. आणि तिरकी झीज म्हणजे कॅलिपरचा एक पिस्टन अडकलाय किंवा कॅलिपरच सरळ बसलेला नाही.

कंत्राटदाराला आधी हे विचारा: डिस्क कधी पुसली? डिस्कची जाडी किती उरलीय आणि पृष्ठभागावर चरे आहेत का? फिरताना प्रेशर किती ठेवलंय? ते प्रेशर जास्त राहिलं तरी असाच आवाज येतो.

खरेदी_खातं

आणि हे सगळं लेखी विचारा, ईमेलवर. फोनवर "हो हो केलंय" म्हणेल.

ओझरकर_काका

सिंटर्डचा प्रश्न इथे निकालात निघाला असं समजा. यॉचा वेग नऊ मिलिमीटर, तिथे उष्णता होतेच कुठे? ज्या गुणासाठी सिंटर्ड घ्यायचं त्याचा इथे उपयोग नाही आणि डिस्क मात्र खाल्ली जाईल. पॅड बदलता येतो. ती डिस्क बदलायची तर नॅसेल उचलावं लागेल.

अंबडचा_लायनरवाला

काका, सिंटर्ड यादीतून काढलं. ०.५ चा क्रेन ग्रेडही काढला. ग्रॅफाइट वाढवून, ॲल्युमिना कमी करून एक नवं मिक्स करतोय.

टेस्टचं असं ठरवलंय. शेजारच्या टूलरूममध्ये एक जुनं रोटरी टेबल धूळ खात पडलंय. त्याला गिअर मोटर लावून, वर पोलादी प्लेट बसवून, सेकंदाला नऊ-दहा मिलिमीटर सरकेल असं फिरवायचं. पॅडवर हँडपंपच्या जॅकने दाब आणि मागे लोडसेल (जोर मोजणारा सेन्सर). पॅड चिकटून सुटतोय का ते लोडसेलच्या आलेखात दातेरी रेघ दिसली की कळेल, असा अंदाज. मृदुलाताई, यात काही राहतंय का?

मृदुला_ट्रायबो

कल्पना चांगली आहे. फक्त तीन गोष्टी. लोडसेल आणि पॅड यांच्यामधला सांधा फार ताठ ठेवलात तर चिकट-सुट दिसणारच नाही, खऱ्या मशीनमध्ये तिथे थोडी लवचीकता असते. सेकंदाला निदान काही शे वेळा नोंद घेणारं यंत्र लावा, मल्टिमीटरवर बघून लिहू नका. आणि पॅड रात्रभर दाबाखाली उभा ठेवून सकाळी पहिला झटका मोजा. स्थिर गुणांक वेळेबरोबर चढतो, साइटवर सकाळी पहिल्यांदा मशीन फिरतं तेव्हाच आवाज मोठा असतो.

बोराडे_माळरान

ताई, अगदी बरोबर. पहाटेच जास्त येतो. मॅडमना घरबसल्या कसं कळलं?

अंबडचा_लायनरवाला

कंत्राटदाराचं उत्तर आलं. डिस्क शेवटची कधी पुसली याची नोंद नाही. यॉ गिअरबॉक्सचं एक सील गळत होतं, "पण थोडंच". प्रेशर बघून सांगतो म्हणाला. त्याला सांगितलंय, सील बदला, डिस्क पूर्ण साफ करा, कॅलिपर उघडून पिस्टन बघा, फोटो पाठवा, मग एकाच मशीनपुरते पॅड देतो. पावसाळ्याआधी बसले तर चार महिन्यांचा वारा त्यांना मिळेल. चाळीस नगांची ऑर्डर तूर्त घेतलेली नाही. वडील नाराज आहेत.

खरेदी_खातं

वडिलांना रविवारी मिसळीला आणा, मी समजावतो.

नॅसेलमधला_नाना

एका मशीनपासून सुरुवात, हे उत्तम. ते मशीन माळरान दादांच्या बांधावरचं असेल तर निकाल आम्हाला फोन न करताच कळेल.

रिगवर दोन गोष्टी अजून करा. कोरडी टेस्ट झाली की प्लेटला ग्रीसचा हात फिरवून, फडक्याने पुसून, पुन्हा फिरवा. साइटवर डिस्क इतपतच साफ होते, लॅबसारखी नाही. आणि बॅच नंबर बॅक प्लेटवर पंच करा, स्टिकर नको. तेलात स्टिकर टिकत नाही, आणि दोन वर्षांनी पॅड उतरवला की कोणत्या मिक्सचा होता ते मलाच तुम्हाला सांगायचंय.